टेकडीवरची एकुलती तोटी

कोसंबटोल्यात बसस्टँडसमोर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस ओळखायचा असेल तर तो काय विकत घेतो ते बघावं, आणि नीट ओळखायचा असेल तर काय घेत नाही ते बघावं, असं माझं मत. आमच्या गावाने माझ्याकडून नळातून पाणी खेचणारे टुल्लू पंप घेतले, निळे ड्रम घेतले, हिरव्या पाइपाची भेंडोळी घेतली, छपरावरच्या काळ्या टाक्या घेतल्या. अंगणातल्या सरकारी नळाला लावायची तोटी मात्र कोणी कधी घेतली नाही. तो नळ जमिनीतून गुडघाभर वर येतो आणि तोंड उघडं टाकून उभा असतो.

बाहेरच्या माणसाला हा अडाणीपणा वाटतो. तसा तो नाही. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि 'एक दिवसाआड' हेही आपलं म्हणायला. कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी, कधी नेमकी मयत उचलताना. म्हणून नळ उघडा ठेवायचा आणि त्याच्याखाली पत्र्याची रिकामी बकेट. पाणी यायच्या आधी नळ सुस्कारा टाकतो, मग खोकतो, मग बकेटीत टण्णकन थेंब पडतो. त्या आवाजाला साखरझोपेतला माणूस ताडकन उठतो. टेकडीवरच्या आशाबाईला नवऱ्याच्या घोरण्यातूनही नळ ऐकू येतो, असं ती स्वतः सांगते, नवऱ्यासमोर.

मग टुल्लू सुरू होतात. ज्याची मोटार मोठी त्याचं टाकं आधी भरतं, लहान मोटारवाला त्याच्या नावाने बोटं मोडतो, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे येऊन मोठी मोटार नेतो. आशाबाईने असं करत करत तिसरी मोटार नेली होती. मी तिला नेहमी म्हणायचो, "बाई, आता पाणी नाई, पाइपच येईल घरात." ती म्हणायची, "येऊ दे न भाऊ, भंगारात विकू."

या सगळ्याचा फटका बसायचा तो टेकडी वॉर्डाला. टाकी खाली नगर पंचायतीच्या आवारात, उंच खांबांवर. तिथून पाइप निघतो, टेकडीची एकच गल्ली चढत जातो आणि वरच्या टोकाला केसरबाईच्या अंगणात संपतो. खालच्या प्रत्येक घराने आपापला घोट ओढल्यावर तिच्यापर्यंत जे पोचायचं त्याला हवा म्हणतात. कित्येक उन्हाळे तिच्या नळाने बकेट वाजवली नव्हती. शेवटी तिने त्या नळाला बकरी बांधली.

ती पाणी आणायची पायथ्याच्या हँडपंपावरून, डोक्यावर गुंड, म्हणजे हंडा, घेऊन. त्या पाण्याला लोखंडाची चव. भात शिजवला की पिवळसर उतरायचा. होळीनंतर ती त्याच चढावर गुंडासकट घसरली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. हात जुळला, पण वाकडा जुळला.

तिचा एकुलता एक मुलगा आदेश मोहर्लीला वाघांच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवतो. बायको, लेकरू, भाड्याच्या दोन खोल्या. तो आला आणि म्हणाला, "माय, चाल माह्यासंग. उद्या पाय मोडला तं कोन पायन तुले?"

केसरबाईने कपाळावर आठ्या चढवल्या. हे घर तिने आणि तिच्या नवऱ्याने स्वतः माती तुडवून उभं केलं होतं. मोहर्लीला जाऊन सुनेच्या चुलीशी बसायचं म्हणजे तिच्या लेखी पाहुणी म्हणून मरणं होतं. तिने ते तसंच्या तसं बोलून दाखवलं. सून तिथेच होती, पण दोघीही एकमेकींना ओळखून असल्याने कोणाला राग आला नाही.

शेवटी मायलेकाचा सौदा ठरला. नवीन योजना येते आहे, टेकडीला चोवीस तास पाणी देणार म्हणतात, असं तिच्या कानावर आलं होतं. आदेश म्हणाला, "ठीक. मंगळवारी जंगल बंद असते. योजना सुरू झाली का त्याच्या पुढच्या मंगळवारी मी येतो. माह्या हातानं नळ उघडतो. पानी आलं तं तू इथी राहा, मी तोंड उघडनार नाई. नाई आलं तं गाडीत बसाचं."

"बसतो," केसरबाई म्हणाली. आमच्याकडच्या बाया अशा वेळी पुरुषासारख्याच बोलतात.

योजना आणली होती माधवी खोब्रागडेने. नगर पंचायतीची पाणीपुरवठ्याची इंजिनियर, चंद्रपूरची पोरगी, स्कूटीवर फिरायची. पर्समध्ये एक काचेची नळी आणि औषधाची बाटली. कुठल्याही नळाचं पाणी नळीत घ्यायची, त्यात थेंब टाकायची. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचलं, नाही झालं की नाही पोचलं. लोक म्हणायचे, मॅडमला पगार पाणी पिवळं करायचा मिळतो. वैनगंगेवरची नवी विहीर, तुरटीचं आणि वाळूचं नवं फिल्टर, हे सगळं तिने ठेकेदाराच्या मागे लागून पुरं करून घेतलं होतं. आता तिला टेकडीवर एक आठवडा पाइप चोवीस तास भरलेला ठेवून दाखवायचा होता. जमलं तर सगळ्या गावाला.

विहाराच्या सभागृहात बैठक झाली. मीही गेलो, कारण नगर पंचायतीने वाटायच्या तोट्या माझ्याकडून घेतल्या होत्या आणि पोतं माझ्याच मांडीशी होतं.

माधवी म्हणाली, "पाइप रिकामा असतो तेव्हा तुमचे टुल्लू हवा ओढतात. पाइपाला जिथं चीर असेल तिथून नालीचं पाणी आत येतं. पाइप कायम भरलेला राहिला तर बाहेरची घाण आत शिरूच शकत नाही. म्हणून टुल्लू काढा, तोटी लावा, आणि लागेल तेव्हाच उघडा."

मुखरू उठला. हा केसरबाईच्या लगतच्या खालच्या घरातला. वनविभागाच्या डेपोत लाकडं मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कोणी सांगितलेला आकडा तो पुन्हा मोजल्याशिवाय घेत नाही. "म्हंजे मॅडम, आमी आजवर नालीचं पानी पेत होतो का?"

"हो काका."

"पर मले तं काई झालं नाई."

आशाबाई मागून म्हणाली, "तुमाले काय होइल जी? मांगच्या पावसात अख्खी गल्ली दवाखान्यात हागून राह्यली होती, तवा तुमी जावयाच्या गावाले गेलते."

सभागृह हसलं. माधवीही हसली, आणि मला वाटलं, जमेल हिला.

"टाकीत दिवसभरात जितकं पाणी चढतं, तितकं तुमच्या वापराला पुरून उरतं," ती म्हणाली. "मोजलंय मी. फक्त वाहू द्यायचं नाही."

"चोवीस तास?" कोणीतरी विचारलं.

"चोवीस तास."

"रातीबी?"

"रात्रीही."

"राती पानी कायले पाह्यजे बापा?" मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खऱ्या काळजीने विचारलं.

मी पोत्यातून एकेक पितळी तोटी काढून दिली. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, चांगली जड आहे म्हणाले. आता या तोट्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक असणारच, कारण ती लावायला लागणारी पांढरी टेप गावात फक्त माझ्याकडे मिळते. टेप न्यायला कोणी आलं नाही. मुखरूने आपली तोटी न्हाणीघरात बसवली. आशाबाईने तांदळाच्या ड्रममध्ये पुरून ठेवली. "पितळेची हाय भाऊ, आंगनात लावली तं उद्या दिसन का?" एकाने तर दुसऱ्याच दिवशी ती माझ्याच काउंटरवर ठेवून विचारलं, "हरिदासभाऊ, याचं काय द्याल?" मी म्हटलं, "तुझा फोटो काढून देतो, मॅडमला दाखवायला." तो तोटी उचलून गेला. मला वाटतं आरमोरीच्या बाजारात विकली असेल.

टेप मागायला एकटी केसरबाई आली. वाकड्या हातात तोटी घट्ट धरून. मी दुकान पोरीवर सोपवून वर गेलो, बकरी सोडली, नळाचे आटे घासले आणि तोटी बसवली. ती बाजूला उभी राहून असं बघत होती जसं डॉक्टर सुई टोचतोय.

बुधवारी सकाळी वॉल्व उघडला. गल्लीभर बकेटी वाजल्या. टुल्लू माधवीने आदल्या दिवशी घरोघरी उभं राहून काढायला लावले होते, त्यामुळे पाण्याला ओढणारं कोणी नव्हतं. ते आपल्या चालीने चढलं. केसरबाईने तोटी फिरवली आणि पाणी आलं. धार बारीक नव्हती, चांगली करंगळीएवढी.

तिने बंद केली. परत उघडली. परत बंद केली.

"बंद केलं तरी हाय, उघडलं तरी हाय," ती म्हणाली. मग तिने आदेशला फोन लावला आणि फोन नळाशी धरला. पलीकडून तो काहीतरी ओरडत होता, पण तिला त्याचं ऐकायचं नव्हतं, त्याला ऐकवायचं होतं. दुपारी तिने मला हाक मारून भात वाढला. पांढराशुभ्र. "पाहा हरिदासभाऊ, कसा उतरला. मोगऱ्यावानी." भाजी बरबटीच्या शेंगांची होती, पण त्या दिवशी भाजीकडे बघायचं नव्हतं.

इथवर सगळं जमेच्या बाजूला. आता दुसरी बाजू.

पहिल्या दिवशी गल्लीने घरातलं प्रत्येक भांडं भरलं. ड्रम, टाकं, पातेली, चहाची किटली, एका घरात तर सिमेंटचं घमेलं धुवून त्यातही. हे ठीक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी शिळं झालं. आमच्याकडे नवं पाणी आलं की कालचं फेकायचं, ही रीत आहे. पाणी एक दिवसाआड यायचं तेव्हा ती परवडायची. आता पाणी अखंड येत होतं, म्हणजे घरातलं पाणी अखंड शिळं होत होतं. लोक भरत होते आणि ओतत होते.

आणि भांडी भरून झाली तरी नळ उघडेच होते. दिवसा, रात्री, कोणी घरात असो नसो. टेकडीवरून पाणी दोन्ही कडांनी खाली वाहत होतं. म्हशी खूश होत्या.

शुक्रवारी माधवी गल्लीत आली तेव्हा मी मुखरूच्या ओट्यावर बसलो होतो. तिच्या चेहऱ्यावरून टाकीत किती पाणी राहिलंय ते मला कळलं.

"काका, नळ वाहतोय."

"हो न," मुखरू समाधानाने म्हणाला.

"बंद करा ना."

"बंद केला तं पानी गेलं का हाय ते कसं समजन?"

"जाणारच नाही, काका. म्हणून तर चोवीस तास आहे."

"असं तुमी म्हणता."

"बरं, गेलं असं वाटलं तर उघडून बघा."

"म्हंजे दर घंट्याले उठून पाहू का? मॅडम, उघडा असला तं कानाले आपोआप समजते. वाजून राह्यलं तं हाय, वाजनं थांबलं तं गेलं. तुमाले काऊन समजत नाई?"

"पण तुम्ही असा उघडा ठेवला म्हणूनच ते जाईल!"

"पाहा," मुखरू माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम स्वतःच म्हणून राह्यली का जाइल."

खरं सांगायचं तर मुखरूच्या हिशेबात मला चूक सापडत नव्हती. नगर पंचायतीच्या शब्दाला गल्लीत पत उरली नव्हती, म्हणून तो नळ उघडा होता. ती पत मुखरूने बुडवली नव्हती.

मग माधवी स्वतःच नळ बंद करत निघाली. तोट्या नव्हत्या, म्हणून चिंध्यांचे बोळे कोंबत. प्रत्येक दारात तेच बोलणं, त्याच शपथा. आशाबाईने तर तिला बसवून चहा पाजला, तिची जात-पोटजात, लग्न, पगार सगळं विचारून घेतलं, तिच्या समोर बोळा कोंबला आणि म्हणाली, "तुमी काई कारजी करू नका." माधवी टेकडीच्या वर पोचली तेव्हा खालच्या बाजूने एकेक नळ पुन्हा वाजू लागला होता. ती थांबून ऐकत राहिली. खालून वर, एकामागून एक.

केसरबाईचा नळ तेवढा बंद होता. तिने एक गुंड भरून झाकून ठेवला होता, बाकी भांडी पालथी. तिला विचारलं, इतर का नाही भरली, तर म्हणाली, "तोटीतच हाय न पानी. घरात कायले भरू?"

माधवी तिच्या उंबऱ्यावर बसली. "मावशी, अख्ख्या टेकडीत तुम्हालाच कळलं."

"मले काई कळलं नाई बाई. तुमी सांगतलं, मी केलं. मले मंगळवार काढाचा हाय." आणि तिने मायलेकाचा सौदा सांगितला.

सोमवारी माधवीला गडचिरोलीला आढावा बैठकीला बोलावलं. जायच्या आधी ती स्कूटी दामटत वर आली. टाकी तळाला टेकत आली होती, पण नदीवर जास्तीचा पंप लावायची परवानगी ती बैठकीत मागणार होती. केसरबाईला म्हणाली, "मावशी, काही झालं तरी तोटी बंदच ठेवा. उद्या आदेश येईल तेव्हा पाणी असेल. काही बदललं तर मी स्वतः येऊन सांगेन."

"तुमी सांगान तसंच," केसरबाई म्हणाली.

त्या दुपारी खालच्या वॉर्डांतल्या बाया रिकामे गुंड घेऊन नगर पंचायतीत घुसल्या. टेकडी नळ वाहवते आणि आमच्या वाट्याला ठणठणाट, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. अध्यक्षांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि वॉल्वमन झिंगूला हुकूम दिला, टेकडीचं पहिल्यासारखं कर. झिंगूने सायकल काढली, वॉल्वची चाबी खांद्यावर टाकली, आणि टेकडीच्या पायथ्याशी जाऊन आठवड्याचा प्रयोग बंद केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की वर जाऊन सांग. आणि सांगायची गरजही नव्हती. उघड्या नळांनी ते गल्लीला त्याच क्षणी सांगितलं. बकेटी वाजायच्या थांबल्या. लोक अंगणात आले, एकमेकांकडे बघून मान डोलावली. इतके दिवस जी हुरहूर लागली होती ती एकदाची संपली.

"गेलं न शेवटी?"

"मी तं पयल्याच दिवशी म्हणत होतो."

संध्याकाळपर्यंत टुल्लू परत जागेवर बसले. माझ्याकडे दोघं वायर न्यायला आले, चेहरे अगदी प्रसन्न; कशाला हवी ते मी विचारलं नाही.

केसरबाईच्या नळाला तोटी होती, ती बंद होती, आणि बंद नळ काही सांगत नाही. गुंडात सकाळपर्यंत पुरेल एवढं पाणी होतं. ती जेवली आणि झोपली.

मंगळवारी पहाटे झिंगूला जाग आली म्हणून त्याने वॉल्व उघडला. त्याचं वेळापत्रक असंच चालतं. आणि नेमकी त्याच वेळी गावात वीज नव्हती. नव्याने बसवलेले टुल्लू मुके. त्यामुळे पाणी पुन्हा आपल्या चालीने टेकडी चढलं, अगदी शेवटपर्यंत. सुस्कारा, खोकला, टण्ण. गल्ली उठली. भरलं, ओतलं, परत भरलं. मग पाणी गेलं.

आदेश आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. मी केसरबाईकडेच होतो, तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, साक्षीला या म्हणून. तिने गुंडातल्या उरल्या पाण्याने अंगण सारवलं होतं, चहाचं आधण ठेवायला पातेलं मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. तोटीतून लेकाच्या हाताने पाणी घ्यायचं आणि त्याचाच चहा त्याला पाजायचा, असा तिचा बेत.

"उघड," ती म्हणाली. आवाजात मस्ती होती.

आदेशने तोटी फिरवली. नळ फुसफुसला. त्याने पूर्ण फिरवली. नळाने दोन थेंब टाकले, तेही त्याच्या बुटावर.

केसरबाई पुढे आली, त्याचा हात बाजूला करून स्वतः फिरवू लागली. बंद, उघड, बंद, उघड.

"काल होतं," ती म्हणाली.

"माय..."

"अरे काल होतं! माह्या हातानं गुंड भरला. विचार हरिदासभाऊले."

मी हो म्हटलं. त्याने काय होणार होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून मुखरू आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले, चेहरा न्हालेला. "आदेश! कवा आलास बेटा? केसरबाई, आज सकाळी काय फोर्स होता ना! माहे दोन्ही ड्रम भरले अन् खाली गल्लीपर्यंत वाहून गेलं."

केसरबाईने तोटीवरचा हात काढला नाही.

"सकाळी आलतं?" तिने विचारलं.

"तं! अंधारात. तुमाले नाई समजलं?" मग त्याच्या लक्षात आलं. त्याने तोटीकडे पाहिलं. "मी आवाज देनार होतो. पर म्हटलं, तुमच्याकडं तं चोवीस तासवालं हाय."

तो हे टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरंच तसं समजत होता.

स्कूटीचा आवाज आला. माधवी हेल्मेट न काढताच अंगणात शिरली. रात्री उशिरा गडचिरोलीहून परतली होती, प्रयोग बंद झाल्याचं तिला आता ऑफिसात कळलं होतं. तिने उघडी तोटी बघितली, रिकामं पातेलं बघितलं, आदेशला बघितलं.

"मावशी, मला कोणी कळवलंच नाही," ती म्हणाली. "फोनसुद्धा केला नाही."

केसरबाई तिच्याकडे वळली. ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती हळूच बोलली. "मॅडम, या टेकडीत तुमचं मी एकटीनं ऐकलं. ज्याईनं नाई ऐकलं त्याईचे ड्रम भरले."

माधवीने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने आदेशकडे वळून सांगायला सुरुवात केली, पंपाची परवानगी मिळाली आहे, आठ दिवस द्या, फक्त आठ दिवस, मी स्वतः वॉल्वपाशी उभी राहीन.

आदेशने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. "मॅडम, तुमी चांगल्या हा. पर माह्या मायचा एकच हात धड हाय. तिकडं जंगलात पानवठ्यावर सोलर पंप बसवला हाय. वाघ येते, पेते, जाते. चोवीस तास पानी. वाघाले कोनी म्हणत नाई, तोटी बंद कर." मग आईला म्हणाला, "माय, सौदा झाल्ता."

"झाल्ता," केसरबाई म्हणाली आणि घरात गेली.

ती आत सामान बांधत होती तेवढा वेळ माधवी आणि मी कुंपणापाशी उभे होतो. गल्लीच्या दोन्ही कडांनी ओल होती. तिने पर्समधून काचेची नळी काढली, बघितली, परत ठेवली.

"भाऊ, हात सोडला की आपोआप बंद होते अशी तोटी येते. दाबायची. तुमच्याकडे आहे?"

"मागवता येईल."

"ती लावली तर?"

"दोरीने बांधून ठेवतील मॅडम. दोरीही माझ्याकडूनच नेतील."

तिने मान हलवली. ती खाली टाकीकडे वळली. "मग आधी वाया जाऊ देण्याएवढं पाणी द्यावं लागेल," ती म्हणाली. "नळ उघडे टाकू देत, ओतू देत. महिनोन्‌महिने. कंटाळून स्वतःच बंद करतील तोपर्यंत."

"तेवढं पाणी आहे?"

"नदीत आहे. टाकीत नाही. अन् टाकी मोठी मागायला गेले की म्हणतात, आधी लोकांना वाया घालवू नका म्हणून शिकवा." ती हसली, पण ते हसणं ऐकायला बरं नव्हतं. "काल बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, टेकडीवर किती तोट्या लागल्या. मी म्हटलं, वाटल्या सगळ्यांना. ते म्हणाले, वाटल्या नाही, लागल्या किती."

"मग?"

"मग मी एक सांगितलं."

केसरबाई बाहेर आली. एक गाठोडं, एक ट्रंक, नवऱ्याचा काचेतला फोटो. आदेशने ट्रंक जिप्सीत चढवली. माधवी पुढे झाली, गाठोडं घ्यायला हात केला. केसरबाईने ते दिलं.

"पुन्हा सुरू झालं तं सांगान?"

"सांगेन मावशी. फोन करेन."

"फोन नको. फोनवर तं मीबी आदेशले पानी ऐकवलं होतं." तिने पदर खोचला. "या तिथपर्यंत. मोहर्ली काई लांब नाई. तुमी आल्या तं मी समजन."

माधवीने गाठोडं जिप्सीत ठेवलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्या मुलीच्या बाजूने मी एवढं मांडून ठेवतो, की तिने त्या क्षणी खोटं आश्वासन दिलं नाही. देणं फार सोपं होतं.

जिप्सी वळली आणि गल्ली उतरू लागली. उघडी गाडी, त्यामुळे केसरबाई मिरवणुकीत बसल्यासारखी सगळ्यांना दिसत होती. दारोदारच्या बाया बाहेर आल्या. आशाबाईने डोळ्याला पदर लावला, तो खराच लावला होता, आणि गाडीच्या बाजूने चालत म्हणाली, "बाई, पावसात ये राहाले. तवा पानी बहुत असते."

"तवा तं माह्या छपरातूनबी येते," केसरबाई म्हणाली.

बाया हसल्या. तीही हसली असावी, मला पाठमोरी दिसत होती. मधल्या उतारावर सकाळचं पाणी अजून वाळलं नव्हतं, तिथे मातीचा चिखल झाला होता. जिप्सीचं मागचं चाक सरकलं. आदेशने ब्रेक लावला, आई सावरून बसली का बघितलं, आणि वाघाच्या वाटेवर चालवतात तशी गाडी पहिल्या गियरमध्ये, हळूहळू, त्या ओलीतून खाली नेली.